मोटरखान्यात दादा

वहिनींनी मला एकच गोष्ट बघायला सांगितली होती. दादा रस्ता विसरतो का.

"गाडी ठोकली, घासली, काय झालं ते मले नका सांगू," फोपनारला, गावच्या घराच्या ओट्यावर शेंगा निवडता निवडता त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही फक्त शेजारी बसा अन् बघा, यांच्या ध्यानात राह्यते का नाही."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सत्तरी ओलांडलेली, केळीची शेती, आणि गाडी चालवण्याबद्दल स्वतःविषयी अतिशय चांगलं मत. दिवाळीनंतर एकदा त्याने गाडी मागे घेताना स्वतःच्याच घराच्या फाटकावर घातली. ते फाटक त्यानेच पुढे उभं राहून बसवून घेतलं होतं. काय झालं, असं पोरांनी विचारल्यावर तो म्हणाला, "फाटक ध्यानात नाही राह्यलं."

दुसऱ्या कुठल्याही घरात हे उत्तर चाललं असतं. आमच्या वडिलांना साधारण याच वयात विसर पडायला लागला. आधी शब्द गेले, मग माणसं, मग शेतातून घरी यायची वाट. दादा त्यांना शोधून आणायचा आणि वहिनी भरवायच्या. भरवून घेताना ते रोज विचारायचे, "तू कोणाची सून, बाई?" वहिनी रोज सांगायच्या, "तुमचीच." त्यामुळे दादाचं ते वाक्य ऐकल्यावर फाटकाकडे कुणी बघितलंच नाही. त्या दिवसापासून घर हळू आवाजात बोलायला लागलं. डॉक्टरचं नाव काढलं की दादा उठून शेतात जायचा.

यावर उपाय काढला पुतण्याने. तो आमच्या शहरातल्या मोटार क्लबाचा सचिव आहे. या क्लबात गाड्यांपेक्षा पदाधिकारी जास्त आहेत, आणि पदाधिकाऱ्यांपेक्षा फ्लेक्स जास्त. थंडीच्या शेवटी त्यांनी एक 'मोटरखाना' ठरवला. मोकळ्या जागेत प्लास्टिकचे केशरी कोन मांडायचे, आणि ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका गाडीने त्यांच्यामधून जायचं. इथून डावीकडे, तिथे पूर्ण वळसा, मग उलटं येऊन चौकोनात शिरायचं, पुन्हा बाहेर. कोन पडला तर वेळेत दंड. क्रम चुकला तर फेरीच रद्द. दुपारी जेवणानंतर, ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी, रस्त्यावर वेगाची एक चक्कर.

"काका, क्रम चुकला की पप्पांना स्वतःलाच समजेल," पुतण्या मला म्हणाला. "आपणहून चावी देतील. आपल्याला तोंड उघडावं नाही लागणार."

दादा नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, "लिव नाव. जिंदगीभर ट्रकवाल्यांमधून गाडी काढली, आता डब्ब्यांमधून काढू."

मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. कॉलेजात पोरांच्या परीक्षा घेण्यात माझं आयुष्य गेलं, पण स्वतःच्या भावाच्या डोक्याची परीक्षा, तीही त्याला न सांगता, हे मला नवं होतं.

जागा होती शहराबाहेर, लालबागच्या पलीकडची एक 'प्लॉटिंग'. नवी वसाहत, ज्यात वसाहत सोडून सगळं तयार होतं. कमान होती, कमानीवर प्लास्टरचे दोन सिंह होते, कारंजं होतं, रस्ते होते, रस्त्यांना फुलांची नावं होती. घर एकही नव्हतं. क्लबाला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण होतं, आणि सिंहांनाही बहुतेक पहिल्यांदाच पाहुणे दिसत होते.

उद्घाटन अर्थातच उशिरा सुरू झालं. प्रमुख पाहुण्यांना फेटा, शाल, श्रीफळ. मग क्लबाच्या अध्यक्षांना फेटा, शाल, श्रीफळ. अध्यक्ष वेगावर बोलले, पाहुणे संयमावर बोलले, आणि दोघेही इतका वेळ बोलले की वेगाचा मुद्दा आपोआप मागे पडला. सगळ्या गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवून झाली. शेवटी फीत कापून पाहुणे आपल्या तीन गाड्यांसह परत निघाले, ते सरळ मांडलेल्या कोनांवरूनच. अकरा कोन आडवे झाले. दंड कुणी लावला नाही.

कोन पुन्हा उभे केल्यावर सगळ्यांना एकदा पायी चालून क्रम बघायला दिला. मार्गाचा नकाशा फळ्यावर लावला होता. तरुण मंडळी त्याचा फोनमध्ये फोटो काढत होती. मीही एका कागदावर बाण काढून घेतले. दादा हात पाठीमागे बांधून, पाणी कुठवर आलं ते बघायला केळीच्या बागेत फिरावं तसा, एक फेरी मारून आला आणि मांडवात चहा पीत बसला.

"कागद देऊ का?" मी विचारलं.

"तुले लागंल. ठेव."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. वडीलही असंच म्हणायचे, सगळं ठाऊक आहे, आणि मग विहिरीपाशी उभे राहायचे.

पहिल्या चार-पाच गाड्या गेल्या. तरुण पोरं, रुंद टायर, धुराच्या नळकांड्यातून आवाज. त्यातला एकजण मोठ्या झोकात शिरला, तिसऱ्या कोनाशी उजवीकडेऐवजी डावीकडे वळला आणि थेट बाहेर आला. "रूट गलत, राउंड कॅन्सल," माइकवरून आवाज आला. दुसराही तिथेच चुकला. मित्रांनी त्याला घेरलं. "अबे, गुगल मॅप लावून घ्यायचा ना!" मला त्या पोरांचा हेवा वाटला. ते विसरले तर लोक हसत होते.

मग आमची गाडी. पट्टा बांधला. झेंडा पडला.

पहिला कोन डावीकडून. बरोबर. दुसऱ्याला वळसा. बरोबर. तिसऱ्याशी माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, डावीकडे, डावीकडे!"

"गप बस," तो म्हणाला आणि उजवीकडे वळला.

उजवीकडेच होतं. माझा बाण चुकला होता. ज्या ठिकाणी दोन पोरं फसली तिथे माझा कागदही फसला होता, आणि ज्याची परीक्षा होती तो माणूस मार्केटात निघाल्यासारखा शांत होता. चौथा, पाचवा. मी श्वास सोडायला लागलो होतो, तेवढ्यात उलटं यायची जागा आली. दादाने गाडी थांबवली, रिव्हर्स टाकला आणि नुसता बसून राहिला.

दोन सेकंद, पाच सेकंद. तो समोर बघत होता, मान ताठ, डोळे थोडे बारीक. वडिलांचा चेहरा मला आठवला. पुढचं काय ते याला आठवत नाही.

"दादा," मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं, "मागे जायचं आहे. चौकोनात."

"ठाऊक आहे मले. पण मागून कोनी बोलू नाही राह्यलं."

हे समजायला फोपनारच्या बांधावर केळीचा ट्रक भरताना बघितलेला असावा लागतो. वाट एका ट्रकापुरती, दोन्ही बाजूंना चर. ट्रक उलटाच आत न्यावा लागतो आणि ड्रायव्हर मागे बघत नाही. मागे एकजण उभा राहतो, पत्र्यावर थाप मारतो आणि ओरडतो, "आने दो, आने दो, आने दो... बस!" ड्रायव्हर ऐकतो. गाव जीप, ट्रॅक्टर, सगळं असंच मागे घेतं. दादा पन्नास वर्षं याच आवाजावर मागे जात आला होता. तो विसरला नव्हता. तो वाट बघत होता.

आणि आमच्या शहराचा स्वभाव असा की एखादी गाडी उलटी जाताना बघून गप्प बसणं इथे कुणाला जमत नाही. मांडवातून पहिला आवाज आला, "आने दो काका!" मग दुसरा, "लेफ्ट काटो, लेफ्ट!" तिसरा खुर्चीवर उभा राहिला, "अरे राइट! राइट बोल रहा मैं!" चहावाला किटली घेऊन मैदानात शिरला आणि पत्र्यावर थाप मारायला लागला. एक पदाधिकारी फेट्यासकट धावत आला. "येऊ द्या, येऊ द्या!" "बस बस बस!" "अभी कहां बस, आने दे!"

दादा आज्ञाधारकपणे सगळ्यांचं ऐकत गेला. चौकोनाचे सगळे कोन पडले. एक तर चाकाखाली चपटा होऊन आमच्याबरोबर थोडा प्रवासही करून आला. पंच शिट्टी वाजवत होते, "बाहर की मदद अलाउड नहीं है!" पण त्यांचं ऐकायला मैदानात कुणी मोकळं नव्हतं.

त्या सगळ्या गोंधळात दादाने एकदाही मान वळवली नाही, हे मी बघितलं. ना डावीकडे, ना उजवीकडे. मग रिव्हर्स काढून त्याने उरलेला मार्ग, एकही वळण न चुकता, पूर्ण केला.

माइकवर निकाल आला. दंडाचा आकडा एवढा होता की सांगणारा मध्येच हसला. पण शेवटी तो म्हणाला, "रूट एकदम करेक्ट."

मी पट्टा सोडून बाहेर आलो आणि बॉनेटला टेकून उभा राहिलो. पुतण्या धावत आला. त्याला फक्त कोन दिसले होते. "काका, सगळे पाडले ना," तो खालच्या आवाजात म्हणाला. मी म्हटलं, "क्रम विचार."

जेवणानंतर वेगाच्या चकरेसाठी हेल्मेट वाटले. पुतण्याने दादाच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि दादाच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "काढ, काढ, काढ!" दादा मानेला हात लावून खाली बसला.

"कधीपासून दुखते?" मी विचारलं.

"झालं वर्ष."

"वळते का?"

"वळत असती तर फाटक दिसलं नसतं का?"

पुतण्या शेजारच्या खुर्चीत बसला. "पप्पा, मग तुम्ही ध्यानात नाही राहिलं असं का बोलले?"

"त्या दिवशी पोरगं मागं उभं होतं, ते फोनमधी बघू राह्यलं. 'बस' असा आवाज नाही आला, मले वाटलं मोकळं आहे. आता मान वळत नाही म्हटलं असतं तर तुम्ही म्हटले असते म्हातारा झाला, गाडी सोड. इसरलो म्हटलं. इसरते तर कोनीबी." तो आमच्याकडे आळीपाळीने बघू लागला, त्यासाठी कंबरेतून वळत. "मंग तुम्ही सगळे कुजबुजायला लागले. मले वाटलं, वावर विकू राह्यले का काय."

"आपल्या घरात हे उत्तर द्यायचं असतं का?" मी म्हटलं.

मग त्याला कळलं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"बाबांचं?" तो म्हणाला. "तुम्ही तसं समजले? अन् ती पन?"

तेवढ्यात माइकवर आमच्या गाडीचा पुकारा झाला. दादाने चावी माझ्या हातात दिली. "तू मार चक्कर. पैसे भरले पोराने."

मी वेगाचा माणूस नाही. हेल्मेट घालून त्या फुलांच्या नावांच्या रस्त्यांवरून निघालो तेव्हा एकावेळी एकच गाडी सोडत आहेत, एवढाच मला आधार होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, मांडव मागे पडला. लांबच्या कोपऱ्यात, जिथे रस्ता संपून कपाशीचं शेत लागतं, तिथे मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि वहिनींना फोन लावला. दादा शेजारी असताना हे बोलता आलं नसतं. लांब कुठेतरी एक स्वयंसेवक जिवाच्या आकांताने झेंडा हलवत होता.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"वहिनी, क्रम एकदाही चुकला नाही. मी चुकलो, पोरं चुकली, तो नाही. त्याची मान वळत नाही. वर्ष झालं. लपवून ठेवलं. फाटकाचं तेवढंच होतं."

"मान?"

"मान."

फोन हातात तसाच धरून त्या घरात कुणालातरी मोठ्याने सांगत गेल्या. बऱ्याच महिन्यांनी त्या घरात कुणी मोठ्याने बोललेलं मी ऐकत होतो. "अवं मान आहे त्यांची, मान! डोकं चांगलं आहे! खोटं बोलले, मेले खोटं बोलले माह्याशी!" मग एकदम फोनवर, नाक ओढत, "भाऊजी, या म्हणावं घरी. बघतेच त्यांना."

मी परत आलो तेव्हा घड्याळ लावणाऱ्याने घड्याळ खिशात टाकलं होतं. दादा मांडवाच्या कडेला उभा होता.

"बंद पडली का गाडी?"

"नाही. वहिनींशी बोलत होतो."

"काय सांगितलं तिले?"

"तू कोन पाडलेस ते."

"मंग? काय म्हनली?"

"फार आनंद झाला त्यांना," मी म्हटलं.