लिंबाची सेवै

काकू म्हणत होती, न्हाणीत पाय घसरून पडले. उजवा दंड मोडलेला, चेहरा पांढराफटक, तरी डॉक्टरांना तमिळमध्ये ठासून तेच सांगत होती. काका शेजारी मान डोलवत होते. डॉक्टर म्हणाले, वयानं हाडं ठिसूळ होतात, प्लास्टर घालू.

मला काही ते पटेना. माझी नोकरी मेडिकल कोडिंगची. इस्पितळांचे कागद वाचायचे नि प्रत्येक दुखण्याला त्याचा कोड लावायचा. हाड पडून मोडलं तर एक कोड, आतल्या गाठीनं पोखरून मोडलं तर वेगळा, शिवाय गाठीचा आणखी निराळा. त्यामुळे कुणाचं हाड मोडलं की कसं मोडलं, हे आधी विचारायची मला खोडच लागली आहे. आणि ही न्हाणीत पडलेली बाई, कुठे साधं खरचटलेलं नाही, साडी कोरडी ठणठणीत.

तिचे कपडे आणायला मी राजवाड्यामागच्या त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात सेवैची नाळी, म्हणजे तांदळाच्या शेवया पाडायचा साचा, तशीच उभी होती. तांदळाचे उकडलेले गोळे आम्ही तिच्यात गरम असतानाच दाबतो. निवले की भीमानं जोर लावला तरी हलत नाहीत. आतला गोळा अर्धाच दाबलेला, निवून दगड झालेला. शेजारी चिरलेली लिंबं. लिंबाची सेवै म्हणजे काकांचा जीव की प्राण, सकाळपासून त्यांनीच टुमणं लावलं असणार.

इस्पितळात परत येऊन, काका बाहेर गेलेले पाहून, मी तिला आम्ही या तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या घरात बोलतो त्या मराठीत हळूच विचारलं, "नाळी दाबताना मोडला ना?"

"कट् झालं," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नको गे. आपण सेवै मागितली म्हणून हात मोडला, असं जन्मभर जिवाला लावून घेतील."

मला राग आला नि रडूही आलं. हात गेला तरी चालेल, नवऱ्याला बोल लागायला नको! मी तडक डॉक्टरांकडे गेले. ऐकल्यावर त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला, प्लास्टर थांबवलं. स्कॅन झाला, हाडाचा तुकडा काढून तपासला. थायरॉईडचा कॅन्सर दंडाच्या हाडात पसरला होता. मग हाडात सळई, गळ्याचं ऑपरेशन, रेडिएशन. नुसत्या प्लास्टरवर घरी पाठवलं असतं तर गाठ आत गुपचूप वाढत राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले.

आता ती आपले केस आपण विंचरते. गेल्या रविवारी काकांनी घामाघूम होऊन स्वतः नाळी दाबली. सेवै जाडजूड, तुटकी. "लाकडं केलीत नुसती," असं म्हणत काकूनं दोनदा वाढून घेतली.

ती हात धुवायला गेल्यावर काका हळूच म्हणाले, "मी ओसरीवरच होतो. कट् मला ऐकू आलं होतं. कुणी पडल्याचा आवाज आलाच नव्हता."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"माझ्यासाठी बोलत होती ती. चारचौघांत तिला खोटं कसं पाडू?" ते म्हणाले. "तिला सांगू नको हो."

दोघांना धरून बदडावं असं वाटलं. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, वाढा आणखी.