जावयाच्या आंघोळीचं पाणी

सासुरवाडीत माझ्या हातांना काम नसतं. बसायला खुर्ची, खुर्चीवर धुतलेली चादर, हातात कपबशी, आणि ती रिकामी झाली की उचलायलाही कोणीतरी हजर. लग्नाला दहाएक वर्षं झाली तरी सानगडीजवळच्या त्या गावात मी पाहुणाच होतो. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावयांना बोलावणं जातं, आणि जावयाचा मान म्हणजे काय ते तेव्हा पाहावं. सकाळी पहिली आंघोळ जावयाची. अंगणातल्या चुलीवर खास त्याच्यासाठी गंजात, मोठ्या पातेल्यात, पाणी तापतं आणि न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन कोणीतरी उभं राहतं.

लोक म्हणतील, मग दुखतं कुठे? मला तो मानच टोचायचा. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मुलगा नाही. घरातलं कुठलंही अडलेलं काम शेजारी राहणाऱ्या पुतण्याकडे जातं. त्याला मामाजी नीट हाकसुद्धा मारत नाहीत, खेकसतात. 'अबे, वासा धर!' 'अबे, झोपून राहिला का?' आणि मला काय, तर 'जवाईबापू, बसा.' त्या खेकसण्याचा मला हेवा वाटायचा. सरळ सांगतो, हेवाच. खेकसतो माणूस तो घरच्यावर. पाहुण्याला तो चहा देतो.

बरं, हात माझे काही लोण्याचे नाहीत. वडिलांचं मोहाडीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पाटी-पेन्सिलीच्या आधी माझ्या हातात पाना आला. आता मी दुसऱ्याच्या दुकानात पंखे-मिक्सर विकतो, पण सायकल कुरकुरली की माझा कान अजून तिकडेच जातो.

मागच्या मंडईच्या आदल्या सकाळी मी खुर्चीत चहा पीत होतो आणि समोर मामाजींची सायकल मुकाट उभी होती. धान कापणीला आलेलं, धानाचं शेत, म्हणजे बांधी, गावापासून लांब, आणि मामाजी सायकलीशिवाय कुठे जात नाहीत. काही दिवसांपूर्वी ती गवताच्या भाऱ्यासकट शेताच्या उंच धुऱ्यावरून खाली गेली. मामाजींना खरचटलंसुद्धा नाही, पण डावं पायडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक आत वाकला आणि दर फेऱ्याला सांगाड्यावर आपटायला लागला. नवा क्रँक आणून खुंटीला टांगला होता. पण जुना निघेल तेव्हा नवा बसणार, आणि जुन्याला धरून ठेवलं होतं बोटाएवढ्या लोखंडी खिळीनं, कॉटरनं. तो काही केल्या हलत नव्हता.

'रोज टोरीचं तेल टाकून राहिलो,' मामाजी म्हणाले. 'आता ढिला होईन.'

टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याच्या तेलावर मामाजींची देवासारखी श्रद्धा. टाचांच्या भेगांना टोरी, गुडघ्यांना टोरी, दाराच्या कडीला टोरी, आणि दर दसऱ्याला सायकल धुऊन, कुंकू लावून, तिच्या सांध्यासांध्यात टोरी. हे तेल थंडी पडली की तुपासारखं थिजतं. त्यात इतक्या दसऱ्यांची धूळ आणि गंज मिसळलेला. म्हणजे मामाजी रोज उठून कुलपावर कुलूप घालत होते. मला खुर्चीतून सगळं कळत होतं. पण सासऱ्याच्या तेलाला जावयानं नावं ठेवायची कशी? मी चहात बिस्कीट बुडवलं, तेही तुटून आत पडलं.

पुतण्या हातोडा घेऊन आला. त्यानं कॉटरचा नट पूर्ण काढला आणि उघड्या आट्यांवर दोन घाव घातले.

'भाऊ, नट चढवून मार,' मी न राहवून बोललो. 'आटे दबतील.'

'तुमी बसा, जवाईबापू,' मामाजी म्हणाले. 'तुमाले कायले तरास? हात खराब होतीन.'

'निंगत नाही तं कापून टाकू,' पुतण्या म्हणाला. 'करवत आनतो मी.' आणि तो गेलासुद्धा.

करवत तिथे लावली तर क्रँकबरोबर आतला आसही जायचा आणि सायकल ऐन कापणीत भिंतीला टेकून राहायची. मी मामाजींकडे पाहिलं. ते तेलाची बाटली हलवून उजेडात बघत होते.

तेवढ्यात चुलीपासून मामींची, म्हणजे सासूबाईंची हाक आली, 'जवाईबापू, पानी झालं. उठा आंघोळीले!' बायको टॉवेल घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी राहिली.

मी उठलो. फडक्यानं गंज धरला, वाफाळता. न्हाणीकडे जाता जाता पाय आपोआप वळले आणि सायकलीजवळ बसून मी उकळत्या पाण्याची बारीक धार कॉटरवर धरली.

'अगं माय!' मामी ओरडल्या. 'आंघोळीचं पानी सायकलीले घातलं!'

मी कोणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उठलो असतो. कॉटरच्या कडेनं पिवळसर, काळपट तेल पाझरायला लागलं. नट पुन्हा आट्यांवर चढवला, कसाबसा चढला, आणि कॉटरच्या टोकाशी बरोबर आणून ठेवला, म्हणजे घाव आट्यांवर नाही, नटावर बसेल. गोठ्यातून पाण्याच्या मोटारीच्या लोखंडी पाइपचा तुकडा आणून क्रँकखाली उभा टेकवला. कॉटरला खाली सरकायला पाइपात जागा, आणि क्रँकला आधार. 'हँडल धर,' असं मी बायकोला म्हणालो. तिनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि धरलं.

पुतण्याच्या हातोड्याचा पहिला घाव ठण्ण वाजला. काही नाही. पुतण्या करवत घेऊन आला आणि दारातच हसत उभा राहिला. राहिलेलं पाणी ओतलं, दुसरा घाव घातला. पुन्हा ठण्ण. वडील म्हणायचे, लोखंडाला घाबरत मारलं की ते ओळखतं. तिसऱ्या वेळी मी खांद्यातून मारलं आणि आवाज बदलला. खप्प! कॉटर सरकला होता.

नट काढून जाड खिळ्यानं उरलेला कॉटर ढकलला. तो पाइपात टण्णकन पडला. क्रँकला मागून दोन टोले दिले आणि तो माझ्या मुठीत आला. मी तो डोक्यावर उंच धरला आणि चक्क ओरडलो, 'निंगाला!' पुतण्यानं करवत पाठीमागे लपवली. बायकोला हसू आवरेना.

मामाजींनी कॉटर उचलला, नाकाशी नेला. मी जिंकलेल्या माणसाच्या तोऱ्यात म्हणालो, 'मामाजी, हे तुमचं टोरीचं तेलच आहे. आता टोरी बंद, मशीनचं तेल टाका.'

मामाजींच्या भुवया चढल्या.

'अबे, बापजाद्यापासून टोरी टाकून राहिलो आमी! तू कोन सांगनारा? अन् सारं आंगन चिखल करून ठेवलं! उभा काहून राहिला? नवा दांडा आन!'

'अवो, जवाई आहेत ते,' मामी हळूच म्हणाल्या. मामाजींनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. पण त्यांनी शब्द मागे घेण्याआधीच मी खुंटीकडे धाव ठोकली. कोणी बक्षीस दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता.

नवा क्रँक बसला, मी पान्यानं नट आवळला. मामाजींनी अंगणात एक फेरी मारली. कुठे आपटणं नाही, कुरकुर नाही. तसेच ते बांधीकडे निघाले. शाबास नाही, काही नाही. फाटकातून मागे न बघता ओरडले, 'पाना उचलून ठेव, नाही तं हरपन!'

मी पाना उचलून ठेवला. मग आंघोळीची आठवण झाली. गंज रिकामा, चूल विझलेली.

'गरम पानी नाही भेटत आता,' मामी भाजी चिरता चिरता म्हणाल्या. 'टाक्यातलं घे.'

सिमेंटच्या टाक्यातलं रात्रभर गारठलेलं पाणी. पहिल्याच तांब्याला मी बोंब मारली. अंग चोळलं, काळे हात घासले, कुडकुडत न्हाणीचं दार उघडलं आणि सवयीनं हात पुढे केला. दाराशी कोणी नव्हतं.

'टॉवेल दोरीवर आहे,' बायको आतूनच ओरडली. 'घेऊन घे.'

मी ओल्या अंगानं, दात वाजवत सगळं अंगण ओलांडून दोरीपर्यंत गेलो. कोणी वळूनही पाहिलं नाही.