सगळ्यांना ठाऊक होतं

तुमच्या आजोबांच्या पोटाची मिरजेला तपासणी झाली, तेव्हा आम्ही सांगलीत राहत होतो. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. 'अल्सर आहे, पथ्य पाळायचं,' एवढंच मला सांगितलं गेलं. मी पथ्याचा तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारावर लावला आणि काटेकोर पाळायला लावला.

होळीनंतर साताऱ्याहून माझी धाकटी नणंद आली. एसटीत वाचायला घेतलेली कादंबरी तिनं माझ्यापुढे टाकली. गुलाबी मुखपृष्ठ, आयर्लंडमधली प्रेमकथा. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, असल्या पुस्तकांना नाक मुरडायची.

"वाचा हो वहिनी, जरा हसाल तरी."

हसलेच. नायिका वेंधळी, तिचा प्रियकर त्याहून वेंधळा, गावातल्या बायका एकेक फटकळ. नायिकेची आई दुकानात शिरली की सगळे थट्टामस्करी सुरू करत. अर्ध्यावर कळलं, त्या आईचा नवरा मरणाच्या वाटेवर होता. गावाला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मी मागे जाऊन त्या थट्टा पुन्हा वाचल्या. एकीचंही हसू आलं नाही.

आमच्याकडेही मी चहा घेऊन बाहेर आले की पाहुणे एकदम हळदीच्या भावावर बोलू लागत. दवाखान्याची फाइल तुमचे बाबा आपल्या कपाटात ठेवत.

नणंद मेथी निवडत होती. मी विचारलं, "ह्यांना काय झालंय?"

"दादानं शपथ घातली होती, वहिनी. कॅन्सर आहे. तुम्हाला सोसलं नसतं."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून. आम्हा सगळ्यांनाच."

संक्रांतीला तुमच्या आजोबांनी हौसेनं घेतलेली गुळाची पोळी मी तूप जड पडेल म्हणून त्यांच्या ताटातून उचलली होती. पंगतीत सगळे बसले होते. आता पथ्यानं काही होणार नाही, हे माहीत असून कुणी म्हणालं नाही, 'राहू दे, खाऊ दे.' तुमचे बाबासुद्धा.

त्याच दुपारी मी आजोबांना जाब विचारला. ते म्हणाले, "तू रागवायचीस ना, तेवढंच पहिल्यासारखं उरलं होतं गं."

त्यांचं मला समजलं. जून उजाडायच्या आत ते गेले. त्या पंगतीतल्या बाकीच्यांचं मात्र मला अजून समजलेलं नाही, आणि तुमच्या बाबांना हे मी तोंडावर सांगितलं आहे. म्हणून तुम्हालाही सांगते. तिकडे तुमच्या घरी कुणाचं काही दुखलंखुपलं, तर मला फोनवर नुसतं 'सगळं ठीक आहे' ऐकवू नका.