काकूंच्या खुंटीवरची किल्ली

आमची मुलगी सहा वर्षांची आणि मी पन्नाशीला टेकलेला. तिच्या शाळेच्या फाटकाशी मला सर्रास ‘आजोबा, जरा बाजूला’ म्हणतात आणि मी बाजूला होतो. बायको शाळेत शिक्षिका, सकाळी सातला घर सोडते. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो. त्यामुळे मुलीला सांभाळण्याचं खातं माझ्याकडे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कायद्याने पहिला प्रश्न हाच विचारला: मुलगी कोणाच्या ताब्यात होती?

त्या दिवशी तिला ताप होता, म्हणून शाळा बुडवलेली. औषध घेऊन बाराच्या सुमारास ती झोपली, आणि मला मिक्सर आठवला. आठवडाभर त्याचं भांडं फिरवणारं कपलर तुटलेलं होतं आणि सकाळी निघताना बायकोने ‘तुम्ही घरीच तर असता’ एवढं एकच वाक्य दारात ठेवून दिलं होतं. बुधवार पेठेतल्या एका दुकानात जुन्या मिक्सरचे भाग मिळतात. ती उठायच्या आत स्कूटरवरून जाऊन येऊ, असं मी धरलं.

समोरच्या ब्लॉकमधल्या काकू आणि आम्ही नऊ वर्षांचे शेजारी. आमच्यात एक पद्धत आहे. बाहेर जाणाऱ्याने दाराशी उभं राहून ‘लक्ष असू द्या हं’ म्हणायचं, समोरून ‘हो, हो’ यायचं. आमची किल्ली त्यांच्या खुंटीवर, त्यांची आमच्या. या चार शब्दांवर त्यांच्या कुंड्या, आमचं दूध, त्यांचा गॅस सिलिंडर आणि प्रसंगी आमची मुलगी, सगळं सुखरूप राहत आलं. आमच्या जाळीच्या दाराची कडी सैल आहे. मुलगी ती आतून काढून लिफ्टशी खेळायला जाते, म्हणून मी बाहेरून कुलूप लावलं.

“काकू, लक्ष असू द्या हं. ती झोपलीये.”

“हो, हो. जा तू.”

दुकानाशी पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. शटर खाली. त्यावर पाटी: ‘१ ते ३.३० बंद. शटर वाजवू नये.’ शहाणा माणूस इथून परत फिरतो. मी मात्र विचार केला की एवढं लांब आलोय, गाडी लावायला जागासुद्धा मिळालीये, आता कपलर घेऊनच जाऊ. पायरीवर बसलो. दोन वाजता काकूंना फोन केला. उचलला नाही. अडीचला केला. उचलला नाही. दुपारी त्या फोनचा आवाज आणि दाराची बेल दोन्ही बंद करून झोपतात, हे मला नऊ वर्षं माहीत आहे.

साडेतीनला शटर वर गेलं. दुकानदाराने कपलर चिमटीत धरून पाहिलं.

“हे मॉडेल बंद झालं.”

“कधी?”

“तुम्ही घेतलंत त्याच्या आधी.”

मी हसत होतो तेवढ्यात फोन वाजला. पोलीस चौकीतून बाई बोलत होत्या.

मुलगी दोन वाजता जागी झाली होती. घरात कोणी नाही म्हणून जाळीशी येऊन रडायला लागली. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला संगणकवाला तरुण जिन्यावरून उतरत होता. त्याला काय दिसलं, तर बाहेरून कुलूप आणि आत तापाने लाल झालेलं पोर. त्याने काकूंची बेल दाबली, ती बंद. मग मुलांच्या मदतीचा जो फोन नंबर असतो, तो त्याने फिरवला. पोलिसांनी येऊन कुलूप तोडलं आणि तिला चौकीत नेलं. त्या तरुणाचं काही चुकलं नव्हतं. हे कबूल करायला मला तीन आठवडे लागले.

चौकीतल्या हवालदार बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पोरगी आजारी हाय आन तुम्ही मिक्सर घिऊन हिंडताय व्हय? आग लागली असती म्हंजे?”

मी म्हणालो, “मिक्सर नाही, नुसतं कपलर.” काही उत्तरं मी द्यायलाच नकोत.

दुसऱ्या दिवशी मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेलं. त्यांनी तिला आईकडे सोपवलं आणि माझी चौकशी सुरू झाली. अहवाल येईपर्यंत मी तिच्यासोबत घरात एकट्याने राहायचं नाही, असं लिहून घेतलं. बायको रजा टाकून घरी बसली. माझ्याशी ती बोलत होती, पण मुलीमार्फत. “बाबांना सांग, जेवण वाढलंय.”

शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र आता वकील आहे. त्याने कायदा उलगडून सांगितला. बाल न्याय कायद्यातलं पंचाहत्तरावं कलम. मूल ज्याच्या ताब्यात, त्याने जाणूनबुजून हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद.

“आणि गुन्हा नोंदला गेला,” तो म्हणाला, “तर तिच्यासोबत एकटं राहणं विसर. खटला संपेपर्यंत ती मोठी होईल.”

“मग करायचं काय?”

“जाणूनबुजून हा शब्द धरायचा. तुझ्या बाबतीत आपण मूर्खपणा सिद्ध करू. ते सोपं आहे. शेजारणीचं लेखी आण, की लक्ष ठेवते म्हणाल्या होत्या.”

काकूंकडे गेलो. त्यांनी चहा केला, साखर जास्त घातली, आणि म्हणाल्या, “किल्ली माझ्याकडे होती हे सांगेन रे. पण लक्ष ठेवते म्हणाले होते, हे लिहून नाही देणार. मुलगा म्हणाला, आई, सही केलीस की ताबा तुझ्याकडे होता असं ठरेल. मग कलम तुझ्यावर.”

“पण काकू, तुम्ही हो, हो म्हणालात ना?”

“ते मी नेहमीच म्हणते.”

मीही नऊ वर्षं नेहमीच म्हणत आलो होतो. त्यांच्या कुंड्यांपैकी दोन त्यामुळेच वाळल्या.

मग गृहभेटीला अधिकारी आले. त्यांनी फ्रीज उघडून पाहिला, कडी हलवून पाहिली, मुलीची वह्या-पुस्तकं पाहिली. मिक्सरकडे बराच वेळ पाहिलं. एकच माहिती मी चार ठिकाणी चार नमुन्यांत भरली. प्रत्येक ठिकाणी घटनेच्या वेळी पालक कुठे होते, हा रकाना, आणि प्रत्येक वेळी मी लिहिलं, ‘बंद दुकानासमोर’. ते वाचून प्रत्येकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला दरवेळी ओरडावंसं वाटायचं, की मी तिला कधी साधा चिमटा काढलेला नाही. पण चिमट्याचा रकाना कुठेच नव्हता.

राहता राहिले ते दोन फोन. मित्र म्हणाला, “काकूंवर तुझी भिस्त होती, याचा हा पुरावा. आणि त्या उचलत नाहीत हे कळूनही तू दीड तास पायरीवर बसलास, याचाही हाच. मी तुझ्या जागी असतो तर मोबाइल खिशातच ठेवला असता.”

समितीपुढे मी खिशावर हात ठेवूनच बसलो. अध्यक्षबाईंनी मुलीला जवळ घेतलं.

“एकटी असताना काय केलंस गं?”

“हाका मारल्या.”

“कोणाला?”

“आधी बाबांना. मग काकूंना. मग पाणी प्यायले. मग परत बाबांना.”

मी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. मित्र छताचा पंखा पाहू लागला.

“दोनला फोन केला,” मी म्हणालो. “अडीचला केला. काकू झोपल्यात हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी बसून राहिलो.”

“का?”

“आलोच होतो, म्हणून.”

बाईंनी चष्मा काढून मला नीट पाहून घेतलं आणि लिहायला लागल्या. आठवड्याने आदेश आला. गुन्ह्याची शिफारस नाही, हमीपत्र द्यायचं, सहा महिने देखरेख, दाराला बाहेरून कुलूप लावायचं नाही. ‘निष्काळजी, परंतु जाणूनबुजून नव्हे.’ मित्राने पाठ थोपटली. बायको घरी येऊन थेट माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, “अहो, आधी ती कडी दुरुस्त करून घ्या.” मी मात्र अजून त्या पायरीवरच अडकलोय. बाराला निघाला तो निष्काळजी होता, हे मान्य. अडीचला बसून राहिला तो कोण होता, हे त्या आदेशात कुठे नाही.

काकूंनी आमची किल्ली परत आणून दिली. “तुमच्याकडेच बरी.” मीही त्यांची दिली. दोन्ही खुंट्या रिकाम्या.

परवा सकाळी काकू वाघोलीला बहिणीकडे निघाल्या होत्या. कुलूप लावून सवयीने आमच्याकडे वळल्या. “लक्ष असू—” म्हणाल्या आणि थांबल्या.

“हो, हो!” आतून मुलगी ओरडली.

काकू घाईघाईने जिना उतरल्या. मुलीने आपली छोटी खुर्ची ओढत आणली, जाळीशी टाकली आणि समोरच्या बंद दाराकडे तोंड करून बसली. तासाभराने जेवायला हाक मारली.

“नंतर,” ती म्हणाली, “मी हो म्हणालेय ना.”

मी ताट तिथेच नेऊन दिलं.