पाहुण्यांचा बंगला आणि मुलींचा आडोसा

शिरूरजवळच्या त्या मिशनच्या शाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची बाई म्हणून लागले, तेव्हा मोठा दुष्काळ नुकता सरला होता आणि आवारभर बांधकाम चाललं होतं. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा छिन्नीचा आवाज थांबत नसे. परदेशातून देणग्या येत होत्या. आधी देवळाचा, म्हणजे चर्चचा, मनोरा उठला, मग फाटकाची कमान, मग पाहुण्यांचा बंगला. मुलींना संडास मात्र नव्हता. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेली. चाळीमागे का होईना, दार लावता येईल असा संडास आम्हाला होता. इथं मुली पहाटे टमरेल घेऊन मागच्या बाभळींत जायच्या. मीही त्यांच्याबरोबर जायची.

बंगल्याच्या विटांसाठी आवारातच भट्टी लागली आणि जळणाला त्याच बाभळी तोडल्या. थेट रस्त्यापर्यंत सगळं उघडं पडलं.

"बाई, तिकडं आता बाप्ये असत्यात," मुली म्हणायच्या. मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. "बघू," म्हणाले.

मुलींनी आपला उपाय आपणच काढला. दुपारनंतर पाणी पिणं बंद, रात्रीचं जेवण अर्धं. मला ते कळलं सातवीतली एक मुलगी कविता म्हणता म्हणता कोसळली तेव्हा. अंगात ताप, लघवीला आग, ओटीपोट धरून रडत होती. इनामगावहून तिचे वडील आले, तिची पत्र्याची ट्रंक उचलली आणि तिला घेऊन गेले.

मी पुन्हा साहेबांकडे गेले. ते बंगल्याच्या पडद्यांचं कापड निवडत होते.

"बंगल्याचा पैसा बंगल्यालाच लावावा लागतो, बाई. आणि या खेड्यातल्या मुली. यांना सवय असते."

सवय! इतकी वर्षं झाली, हा शब्द आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

रविवारी मी इनामगावला गेले. मुलगी उंबऱ्याशी उभी होती, माझ्याकडे बघेना. वडील बोलले ते शांतपणे.

"तुमच्यावर राग न्हाई, बाई. पर पोर शिकाया धाडली व्हती. हितं निदान नदीकडंला झाडं तरी हायत."

परतताना एसटीत मी काय करायचं ते ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या मुलींना घेऊन बंगल्यावर गेले. देणगीदार पाहुणे यायला आठवडा उरला होता. गवंडीमामा व्हरांड्याला चुना मारत होते.

"मामा, दार उघडा."

त्यांनी मुलींकडे पाहिलं, कुंचला खाली ठेवला, कडी काढली आणि आपल्या माणसांना पलीकडच्या बाजूला पिटाळलं. आतल्या संडासाचं पांढरं भांडं मुलींनी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या मुलीनं साखळी ओढली आणि पाण्याच्या आवाजानं किंचाळत बाहेर आली. सगळ्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या!

साहेब धावत आले. "बाई, शुद्धीवर आहात का? हा पाहुण्यांचा संडास आहे!"

"पाहुणे आल्यावरही रोज आणीन."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. तोवर इथंच येणार."

गवंडी, बिगारी सगळे बघत होते. साहेब तसेच मागे फिरले. त्याच दुपारी वसतिगृहामागे चुन्याच्या रेघा पडल्या, खड्डे सुरू झाले. बंगल्याच्या उरलेल्या विटा, पत्र्याची दारं. पाहुणे यायच्या आत संडास उभे! एवढंच काम होतं. एवढ्यासाठी एक पोर आजारी पडली, तिची शाळा सुटली. मी दोनदा निरोप धाडला, पण ती परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

पाहुण्यांसमोर साहेबांनी इंग्रजीत भाषण केलं. मुलींची अब्रू हीच आमची पहिली काळजी, म्हणाले. पाहुण्या मडमांनी डोळे पुसले. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मुलींना हे मराठीत सांगा."

मी जागची उठले नाही. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी साहेबांनीच पेटीवाल्याला भजन सुरू करायला सांगितलं.

वर्ष संपताच त्यांनी मला काढलं. पुढं यवतच्या शाळेत लागले. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांना विचारलं, "मुलींचा संडास कुठं आहे?"

पहिलाच प्रश्न असा, म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.