शेपटीवरचा जुना नंबर

आकाशात विमान दिसलं की साईं बोलणं अर्धं सोडून त्याच्या शेपटीकडं बघायचे. उल्हासनगरच्या कॅम्पातली माणसं हसायची. "साईं, तुमचं तिकीट आलं काय?"

"मेरी घरवाली ऐसे जहाज में गयी है," एवढंच साईं म्हणायचे.

फाळणीत कराचीहून निघताना विमानात जागा एकच मिळाली. बायकोला बसवलं, स्वतः मागून बोटीनं आले. विमान सुटताना शेपटीवरचा नंबर त्यांनी पाठ केला. त्या नंबरावर दोन वर्षं तिला शोधत होते. विमान कंपनीच्या ऑफिसात उत्तर एकच, या नंबराचं विमानच नाही. पडलं असेल, असं लोक मागं बोलायचे.

मी अंबरनाथच्या पुढं, लढाई संपल्यावर सोडून दिलेल्या विमानांच्या मैदानावर रंगारी होतो. कंपन्या ती विमानं घ्यायच्या, घाईत जुन्या नंबरावरच उडवायच्या आणि मागून रंगवायला परत इथं आणायच्या. जुना नंबर बुजवून साच्यातनं नवी अक्षरं मारायची, हे माझं काम. मला वाचता येत नव्हतं, कुठला नंबर बुजवला ते कळायचं नाही. पुढं बायकोनं शिकवलं. नंबर बदलायचं हे काम साईंना सांगितलं तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"जहाज का नाम कोई बदलता है क्या?"

"मी बदलतो," मी म्हणालो. कुणाशी काय बोलावं याची तेव्हा अक्कल नव्हती.

मग दर रविवारी साईं मैदानावर चालत यायचे. पहारेकऱ्याला पापड द्यायचे आणि डोळे मिटून एकेका शेपटीवर तळहात फिरवायचे. बुजवलेल्या रंगाची कड बोटाला लागते. गवत कमरेएवढं, वारा पत्र्यात घुमायचा. झोपलेल्या म्हशीला कुरवाळावं तसे ते हळू हळू पुढं सरकायचे. बघता बघता माझाही डोळा लागायचा.

एका सकाळी हात थांबला. "भाऊ, यह सात है."

मी रॉकेल लावून खरवडलं. तळ्यातनं मासे वर यावेत तसे साईंनी पाठ केलेलेच आकडे आले. माझ्याच हातानं झाकलेले असणार. नवी अक्षरं लिहून घेऊन साईं ऑफिसात गेले. कारकुनानं त्या नव्या अक्षरांवरनं वही काढली. विमान जोधपूरला सुखरूप उतरलं होतं. बाई तिथल्या कॅम्पात शिवण करत होती, आणि नवऱ्याला कराचीच्या पत्त्यावर पत्रं टाकत होती.

साईं तिकडंच राहायला गेले. निघताना माझ्या बायकोला म्हणाले, "भाभी, इनको नज़र के सामने रखना."

"हे कुठं जातायत," ती हसली.

मी कुठं गेलो नाही. गेल्या पावसाळ्यात तीच गेली. साईंना कळवावंसं वाटलं. ते आहेत का नाहीत, ठाऊक नाही. पत्ता मी तेव्हा विचारलाच नव्हता.