पारुबाईने पाहिलेला समुद्र

आखाडा बाळापूरपासून तीन-चार किलोमीटरवरच्या एका गावात पारुबाई राहते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगाने काटकुळी. आवाज मात्र असा, की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरच्या माणसाने दचकावं. तिच्या शेतात दगडी पायऱ्यांची एक विहीर आहे. लग्न होऊन ती इथे आली, त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात शेजारची एक पोरगी पाणी शेंदताना तोल जाऊन विहिरीत पडली आणि जिवंत वर आली नाही. पारुबाई माहेरी चार भावांसोबत विहिरीत उड्या मारत वाढलेली. तिच्या मनाला ते फार लागलं. पोहता येत असतं तर पोरगी वाचली असती, एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या वर्षीपासून गावातल्या पोरींना शिकवायला लागली.

परीक्षा संपल्या की पोरी पाठीला रिकामे कॅन बांधून पायऱ्यांवर उभ्या राहत. पारुबाई साडीचा काष्टा घालून आधी स्वतः उडी घेई. तिचा नवरा सोनाजी काठावर लिंबाखाली बसून पोरींची डोकी मोजत राही.

त्या पोरींत सगळ्यात धीट होती राजनंदिनी. तिची आई कामाला जाई, म्हणून दुपारची भाकर तिने कैक वर्षं पारुबाईच्याच चुलीपाशी खाल्ली. पारुबाई तिला नंदे म्हणे, ती पारुबाईला काकू. पुढे ती शिकली आणि बाळापूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा पेढ्याचा पुडा घेऊन पहिल्यांदा आली ती इथेच.

गेल्या एप्रिलात ती पुन्हा आली. स्कूटी उभी करायच्या आधीच बोलायला लागली.

"काकू, शाळेचं शिबिर चाललं, कोकणात. नववीच्या पोरी, पाच दिवस, समुद्राच्या काठी तंबूत राहायचं. सोबतीला एक बाई लागते. तू चल."

"मी? मी येऊन काय करू तिथं?"

"पोरींना सांभाळशील. आन् समुद्र पाहशील. तुला पाहायचा न्हाई का?"

पारुबाईने सोनाजीकडे पाहिलं. सोनाजी हसला. "जाय की. मी काय उपाशी मरून राहिलो का?"

अशी पारुबाई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर गेली. बसमधून उतरून सुरूच्या बनातून पलीकडे आली आणि उभीच राहिली. पोरी चपला टाकून पळाल्या. हिला मात्र वाटलं, याला काठ एकच आहे. पोरगी गेली तर पलीकडून कोण धरणार?

पहिल्या तीन दिवसांत पोरींनी छोट्या होड्या वल्हवल्या, दोरावरून लोंबकळत झाडं ओलांडली. शिबिराची माणसं हुशार होती. लाल जाकीट घातल्याशिवाय पोरीला पाण्यात पाय टाकू देत नव्हती, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाहेर. पारुबाईला ते फार आवडलं. सकाळी पोरी उठायच्या आधी ती किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळणीपाशी जाऊन बसे आणि समुद्राचं विचारत राही. कोळणीलाही कुणी एवढं विचारणारं भेटलं नसावं. तिने बोट करून दाखवलं, "ती मधली जागा बघ. लाटा फुटत नाहीत, शांत दिसते. ओहोटीला तिथूनच पाणी आत खेचतं. सापडलीस तर सरळ काठाकडे येऊ नको, दमून जाशील. आडवी पोह. लाटा फुटतात तिथे पोचलीस की लाटाच आणून सोडतील."

चौथ्या दिवशी ऊन कलतीला लागलं, शिट्टी झाली, जाकिटं गोळा झाली आणि शिबिराची माणसं होड्या बांधायला बनात गेली. राजनंदिनी मोबाईल घेऊन आली. शाळेसाठी व्हिडिओ करायचा होता; मावळत्या उन्हात पोरी हात धरून पाण्यात धावतायत, असा.

पारुबाई आडवी आली. "नंदे, आता नको. शिट्टी झाली. पाणी मागं ओढून राहिलं."

"गुडघ्याएवढ्या पाण्यात, काकू. दोन मिनिटं."

"मी न्हाई म्हणते."

"मॅडम मी हाय का तू?" राजनंदिनी हसतच बोलली, पण पोरींसमोर बोलली. पारुबाई बाजूला झाली. पोरी धावल्या.

दोन मिनिटंही झाली नसतील. टोकाची सृष्टी, उंच आणि हडकुळी, नेमकी त्या शांत जागेवर गेली. पायाखालची वाळू सरकली, हात सुटला आणि ती मागे मागे जायला लागली. पोरी किंचाळल्या. राजनंदिनीच्या हातातला मोबाईल तसाच समोर धरलेला राहिला. पारुबाईला काष्टा घालायचीही सवड मिळाली नाही. तशीच आत शिरली. पोरगीला गाठेपर्यंत तिची छाती फुटायला आली होती. सृष्टीने तिच्या मानेला मिठी मारली. पारुबाईने तिला पाठमोरं करून काखेत धरलं आणि काठ दिसत असून काठाकडे पाहिलं नाही; आडवी गेली. शिबिराची दोन माणसं दोर घेऊन येईपर्यंत लाटांनी दोघींना गुडघाभर पाण्यात आणून टाकलं होतं.

सृष्टीच्या पोटात पुष्कळ पाणी गेलं होतं. तिला एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी फोन गेले.

परतीच्या प्रवासात राजनंदिनी पारुबाईच्या शेजारी बसली. काकूच्या खरचटलेल्या पायाला मलम लावलं, अंगावर आपली शाल टाकली. पारुबाईला भरून आलं; पोरगी घाबरली होती, चुकली, उमगली, असं तिला वाटलं. नांदेड सोडून बस वारंगा फाट्यावर थांबली. पोरी खिचडी खायला उतरल्या, तेव्हा राजनंदिनीने पर्समधून कागद काढला.

"काकू, इथं सही कर. दवाखान्याचा कागद हाय, शाळेत द्यावा लागतो."

पारुबाईला सहीपुरतं आणि थोडंफार अडखळत वाचता येई. चष्मा पिशवीत होता, पिशवी वर फळीवर. ती काढायची गरज तिला वाटली नाही. राजनंदिनीने धरलेल्या वहीवर कागद ठेवून तिने जपून सही केली.

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापक विजयकुमार सर, सृष्टीचे वडील वैजनाथ, राजनंदिनी आणि भिंतीपाशी चार-पाच पोरी. सरांनी कागद वाचला. सोबतच्या पारुबाईने शिक्षिकेची परवानगी न घेता, शिट्टी झाल्यावर मुलींना पाण्यात नेलं आणि ही चूक तिला मान्य आहे, असं त्यात होतं.

"सही तुमचीच ना?"

"सही माही हाय. वरचं माह्यं न्हाई." पारुबाई वळली. "नंदे, तू सांग."

राजनंदिनी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. "जे घडलं ते कागदात हाय, काकू."

पारुबाईने पोरींकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही. सृष्टीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. वैजनाथ गरजले, "माही पोरगी मेली असती तर?" त्या पोरीच्या नखांचे ओरखडे अजून पारुबाईच्या मानेवर होते. पदर ओढून तिने ते झाकले आणि बाहेर पडली.

सोनाजी खवळला. "मी जातो बाळापूरला, भर बाजारात इचारतो तिला!"

"इचारून काय व्हईल? कोणाला पटवायचं हाय?" ती म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही.

कागदाची गोष्ट गावभर झाली आणि त्या उन्हाळ्यात विहिरीवर एकही पोरगी आली नाही. ज्या आयांना तिनेच पोहायला शिकवलं होतं, त्यांनीही पोरी धाडल्या नाहीत.

मे सरता सरता सृष्टीची आई शालूबाई सृष्टीला घेऊन भर दुपारी आली. पोरगीने घरी सगळं खरं सांगितलं होतं. मॅडमने बसमधून उतरतानाच प्रत्येकीला बाजूला घेऊन बजावलं होतं, की बोललात तर दहावीचं वर्ष आहे, लक्षात ठेवा.

"हिच्या बापाला बी सांगितलं," शालूबाई म्हणाली. "ते म्हणतात, पोरगी वाचली ना, मग आता वाढवू नका. मी काय करू, बाई?" तिने पारुबाईच्या पायाला हात लावला.

सृष्टी रडायला लागली. "काकू, तुमी मला काढलं..."

"ते सांगू नको कोणाला," पारुबाई म्हणाली. "मी नको म्हणाले व्हते, तेवढं सांग. आज न्हाई जमलं तर मोठी झाल्यावर सांग."

जूनमध्ये राजनंदिनी एकदाच आली. दारातच उभी राहून तिने सांगितलं, की नोकरी अजून कायम झाली नव्हती, खरं लिहिलं असतं तर गेलीच असती. काकूला काय, नोकरी थोडीच करायची होती.

पारुबाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तू तवाच येऊन म्हणाली असती ना, काकू, माह्यासाठी आळ घे, तर मी घेतला असता. वाचून, समजून सही केली असती."

पारुबाईने तिला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. ताटातले खडे वेचत राहिली. मग बाहेर स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.